खुनी कोण, ते ठाऊक असूनही...

वाचनालयातून रहस्यकथा घरी आणणाऱ्या माणसाला एक अदृश्य शत्रू असतो. त्याचे नावगाव कोणाला माहीत नसते. त्याच्या हाती पेन्सिलीचा एक तुकडा असतो आणि अंतःकरणात दयेचा लवलेश नसतो. आपण रात्रीची जेवणे आटोपून, दिवा उशाशी ओढून घेऊन पुस्तकाचे अकरावे पान उलटतो. गोष्टीत नुकताच एक गरीब, सालस पुतण्या प्रवेश करतो. आणि समासात, बारीक पण वळणदार अक्षरांत आपल्याला दिसते, 'हाच खुनी!'

या अधम वर्गाला काय शिक्षा असावी, हा प्रश्न मी कायदेपंडितांवर सोपवतो. परंतु त्यांच्या हातून नकळत एक उपकारही झालेला आहे. रहस्यकथेची परीक्षा घेण्याची एक अगदी सोपी रीत त्यांनी आपल्याला दिली आहे. काही पुस्तके त्या दोन शब्दांनी जागच्या जागी मरतात. ती मिटून परत करण्यावाचून गत्यंतर नसते. पण काही पुस्तके अशी असतात, की समासातला तो आहेर वाचूनही आपण थांबत नाही. 'असेल बुवा पुतण्या खुनी. पण तो असा का वागला, आणि आपले साहेब त्याला काय म्हणतात, ते तर बघू!' असे म्हणून आपण पुढे जातो. इतकेच नव्हे, तर दोन-चार वर्षांनी तेच पुस्तक पुन्हा घरी आणतो.

या दुसऱ्या जातीच्या पुस्तकांविषयी मला आज चार शब्द सांगायचे आहेत. आमच्या घरी या बाबतीत माझी बाजू फारशी बळकट नाही. "अहो, हे पुस्तक तुम्ही कितव्यांदा वाचताहात? कोणी मारलं ते ठाऊक आहे ना?" असे मला विचारले जाते. मी "आहे" म्हणतो. "मग?" असा पुढचा प्रश्न येतो. त्या 'मग'चे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेख.

कोडे आणि माणूस

आधी कोड्यांना नमस्कार करू. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत इंग्लंडात रहस्यकथेचा जो बहर आला, तो मुख्यत्वे कोड्यांचा. रोनाल्ड नॉक्स नावाच्या एका धर्मगुरूने १९२९ साली अशा कथांसाठी दहा नियमच घालून दिले होते. गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकापासून लपवू नये. भुताखेतांना गोष्टीत थारा देऊ नये. आणि गुप्त भुयार असलेच तर ते एकाहून अधिक असू नये! अगाथा ख्रिस्तीबाईंनी १९२६ साली 'रॉजर अॅक्रॉइड' लिहून वाचकांना असा काही चकवा दिला, की त्यावरचा वाद पुढे कित्येक वर्षे चालला होता. ही माणसे आपल्या विद्येत निष्णात होती, यात शंका नाही.

पण कोड्याचा स्वभावच असा, की ते एकदा सुटले की संपले. काल सोडवलेले शब्दकोडे आज कोणी पुन्हा भरत बसत नाही. मग शेरलॉक होम्स सव्वाशे वर्षांहून अधिक काळ का वाचला जातो? आपल्यापैकी बहुतेकांनी त्याच्या गोष्टी शाळेत असताना वाचलेल्या आहेत. त्यांतल्या किती गुन्हेगारांची नावे आज आठवतात? मला पाच-सहाच्या वर सांगता यायची नाहीत. पण बेकर स्ट्रीटवरची ती खोली मात्र मी डोळे मिटून सांगू शकेन. पर्शियन सपातेत ठेवलेली तंबाखू, फळीवर चाकूने टोचून ठेवलेली पत्रे, अवेळी वाजणारे ते व्हायोलिन, जिना चढून येणाऱ्या हडसनबाई आणि सगळे ऐकून थक्क होणारा तो भला वॉटसन! कॉनन डॉइल यांनी १८९३ साली होम्सला धबधब्यात लोटून दिले, तेव्हा वाचकांनी जो आक्रोश केला तो कोडी बंद झाली म्हणून नव्हे. कोडी घालणारे तेव्हाही पुष्कळ होते. आपल्या ओळखीचा माणूस गेला, याचे ते दुःख होते. अखेर १९०३ साली डॉइलसाहेबांना त्याला परत आणावे लागले.

आपल्याकडे तरी निराळे काय होते? बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी त्या भूगोलाच्या पुस्तकात दडवून वाचल्या, आणि त्यापायी कान पिळवटून घेतले. पण वाचनालयाच्या खिडकीशी उभे राहून कोणी पुस्तकाचे नाव विचारत नसे. "नवा झुंजार आलाय का?" किंवा "काळापहाड आहे का आत?" असा प्रश्न असे. धनंजय आणि छोटू बाहेरगावी गेलेले आपले कोणी आप्त असावेत, अशा जिव्हाळ्याने त्यांची चौकशी व्हायची. हे नायक धाडसाचे होते. त्यांच्या अंतरंगात फार खोल शिरायला लेखकाला उसंत नव्हती. तरीसुद्धा वाचक जातो तो माणसाच्या ओढीने, ही गोष्ट त्या खिडकीपाशीच आम्हाला कळायला हरकत नव्हती.

पाइप ओढणारा एक सरकारी नोकर

ही ओढ ज्याने पुरतेपणी ओळखली, आणि कोडे जवळजवळ बाजूला सारून माणूसच मध्यभागी बसवला, असा लेखक म्हणजे जॉर्ज सिमेनाँ. तो १९०३ साली बेल्जियममधल्या लिएज गावी जन्मला आणि फ्रेंच भाषेत लिहीत असे. १९३१ साली त्याने आपल्या इन्स्पेक्टर मेग्रेची पहिली पुस्तके वाचकांपुढे ठेवली आणि १९७२ साली शेवटचे. मधल्या चाळीस वर्षांत मेग्रेच्या पंच्याहत्तर कादंबऱ्या आणि अठ्ठावीस कथा झाल्या. यांखेरीज त्याने लिहिलेल्या इतर कादंबऱ्यांची गणतीच निराळी.

हा मेग्रे दिसायला कसा? थोराड बांध्याचा, जाड ओव्हरकोट घातलेला, तोंडात पाइप. पॅरिसमध्ये सीन नदीच्या काठी पोलिसांची जुनी कचेरी होती; तिथल्या खोलीतल्या शेगडीत कोळसे सारणे हा त्याचा आवडता उद्योग. (ती कचेरी २०१७ साली नव्या इमारतीत गेली, वाचकांच्या मनातून मात्र हलली नाही.) तपास लांबला की शेजारच्या खाणावळीतून सँडविच आणि बिअर मागवायची. घरी त्याची बायको काहीतरी रटरटत ठेवून वाट पाहत असते, आणि ऐन जेवणाच्या वेळी त्याचा टेलिफोन येतो, की आज जमत नाही. मॅडम मेग्रे फारशी बोलत नाही. भांडे झाकून ठेवते. आपल्या घरांतल्या बायकांना ही बाई परकी वाटणार नाही.

मेग्रेजवळ भिंग नाही, रसायनशाळा नाही, अचाट तर्क नाही. 'तुमची पद्धत काय?' असे कोणी विचारले, तर तो वैतागतो. तो फक्त मेलेल्या माणसाच्या जागी जाऊन बसतो. त्याच्या गल्लीत हिंडतो, तो जिथे पेलाभर पीत असे तिथे जाऊन तेच पितो, त्याच्या घरमालकिणीच्या तक्रारी ऐकून घेतो. हळूहळू तो मेलेला माणूस त्याच्या ओळखीचा होतो. आणि ओळख पुरी झाली, की त्याला कोणी मारले हे कळायला फारसा वेळ लागत नाही. मेग्रेला लहानपणी डॉक्टर व्हायचे होते. वडील वारले आणि ते शिक्षण अर्धवट राहिले. पण चुकलेल्या आयुष्यांची डागडुजी करणारा कोणी वैद्य असावा, हे त्याचे जुने स्वप्न पोलिसाच्या कोटातही जिवंत राहिले.

सिमेनाँची लिहिण्याची रीतही ऐकण्यासारखी आहे. कादंबरी सुरू करण्यापूर्वी तो एका मोठ्या पाकिटावर पात्रांची नावे, वये, पत्ते, आईबाप, नातीगोती लिहून काढी. नावे सापडावीत म्हणून टेलिफोनची यादी चाळी. मग रोज एक प्रकरण या हिशेबाने आठ-दहा दिवसांत पुस्तक पुरे करी. शेवट काय होणार, हे सुरुवातीला त्याचे त्यालाही ठाऊक नसे. माणसे आधी ठरत. त्या माणसांच्या हातून पुढे काय घडायचे, ते आपोआप घडत जाई. कोड्याची गोष्ट शेवटाकडून मागे बांधत आणतात. ही गोष्ट माणसाकडून पुढे जाते. दोहोंतला सगळा फरक या पाकिटात आहे.

पिवळसर बुटांची हकीगत

एक उदाहरण घेतो. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मेग्रे-कादंबरीच्या नावाचा अर्थ 'बाकावरचा माणूस' असा होतो. पॅरिसमधल्या एका गजबजलेल्या रस्त्यालगत, एका बोळकंडीत लुई थूरे नावाच्या मध्यमवयीन गृहस्थाचे प्रेत सापडते. पाठीत सुरा खुपसलेला. उपनगरात राहणारा, रोज गाडीने येजा करणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात असा हा माणूस. बायकोला प्रेत ओळखायला आणतात. ती म्हणते, नवरा माझाच. पण हे बूट त्याचे नव्हेत! तो सकाळी काळे बूट घालून निघाला होता, आणि प्रेताच्या पायांत पिवळसर तपकिरी बूट आहेत. गळ्यातला तो भडक तांबडा टायही त्याचा नव्हे.

मेग्रे चौकशी करत ज्या पेढीत थूरे नोकरीला होता तिथे जातो. पेढी बंद होऊन तीन वर्षे झालेली असतात. म्हणजे तीन वर्षे हा गृहस्थ रोज सकाळी ठरलेल्या गाडीने पॅरिसला येत होता, संध्याकाळी ठरलेल्या गाडीने परत जात होता, आणि महिन्याच्या महिन्याला पगार घरी देत होता. मधला सगळा दिवस तो रस्त्यावरच्या बाकांवर बसून काढी. साडूंच्या मानाने तो मागे पडलेला. बायकोच्या लेखी त्याची किंमत बेताचीच. नोकरी गेली, हे घरी सांगण्याचे धैर्य त्याला झाले नाही. आणि मग, कशी कोण जाणे, त्या खोट्या आयुष्यात त्याला जन्मात पहिल्यांदा मोकळे वाटू लागले. त्याने मनाजोगते बूट घेतले. ते ठेवायला एक खोली घेतली. घरी जाताना तो काळे बूट चढवी.

इथे मेग्रेला काय आठवते, तर स्वतःचे बूट! लग्नानंतरच्या दिवसांत त्यानेही एकदा असलेच पिवळसर बूट लाजत लाजत विकत आणले होते. बायको ते पाहून हसली, आणि बूट दुकानात परत गेले. एवढीच गोष्ट. पण तेवढ्यावरून तो मेलेला कारकून त्याला जवळचा होतो. सुरा कोणी मारला, पगाराचे पैसे कुठून येत होते, याचा उलगडा पुढे होतो, आणि तो मी इथे सांगणार नाही. खरे सांगायचे तर दुसऱ्यांदा वाचताना तो मी विसरूनही गेलो होतो. बूट मात्र विसरलो नव्हतो.

शाईचा डाग

हे पुस्तक मला विलक्षण का वाटले, याला एक घरगुती कारण आहे. आम्ही गिरगावात राहत होतो, त्या काळची गोष्ट. आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातले नाना एका खासगी कचेरीत हिशेबनीस होते. पावणेनऊला छत्री आणि डबा घेऊन ते जिना उतरत. त्यांच्यावरून चाळीतली घड्याळे लावावीत, असा त्यांचा लौकिक. ती कचेरी एके दिवशी बंद पडली. नानांनी घरी सांगितले नाही. पाच महिने ते पावणेनऊलाच जिना उतरत होते आणि साडेसहाला परत येत होते. पहिल्या तारखेला पगाराचे पाकीटही येत होते. त्यात शिलकीतले पैसे असत.

आम्हा पोरांना याचा पत्ता नव्हता. पुष्कळ वर्षांनी, नाना आणि काकू दोघेही गेल्यानंतर, आईने मला ही हकीगत सांगितली. काकूंनी तिला तेव्हाच सांगितले होते. त्यांना पहिल्या पंधरवड्यातच कळले होते, आणि कळले कसे, तर धुण्यावरून! वीस वर्षे नानांच्या सदऱ्याच्या उजव्या बाहीला शाईचा डाग येत असे आणि त्यावरून काकू कुरकुरत. तो डाग येईनासा झाला. आणि विजारीच्या काठांना मात्र गवताची कुसळे दिसू लागली. टेबलाशी बसणाऱ्या माणसाला कुसळे कुठून लागणार? तो बागेत बसत असला पाहिजे.

आईने त्यांना विचारले, "मग तुम्ही काही बोलत का नाही?"

काकू म्हणाल्या, "अहो वहिनी, मला कळलंय हे त्यांना कळलं, तर ते बिचारे बागेत तरी कसे बसतील? सांगायचं तेव्हा सांगतील. तोवर डब्यात एक पोळी जास्त घालते. उघड्यावर बसलं की भूक लागते."

पाच महिन्यांनी नानांना एका दुकानात हिशेबाचे काम मिळाले. घरी येऊन ते म्हणाले, "मी नोकरी बदलली." काकू म्हणाल्या, "बरं केलंत." यापलीकडे त्या दोघांत या विषयावर कधी बोलणे झाले नाही.

होम्सच्या तोडीचे निरीक्षण त्या माउलीने धुण्याच्या बालदीपाशी बसून केले होते. पण त्याहून मोठी गोष्ट तिने केली ती पुढे. सापडलेल्या सत्याचे काय करायचे, हे तिला कळत होते. थूरेच्या घरात असे कोणी असते, तर ते काळे बूट त्याला बदलावे लागले नसते. हा गुण ज्या गुप्तहेरात आहे त्याची पुस्तके मी पुन्हा पुन्हा वाचतो. सत्य शोधणे हे बुद्धीचे काम. ते हाती आल्यावर माणूस कसा वागतो, तिथे त्याचा स्वभाव दिसतो.

पुण्यात राहणारा बंगाली सत्यान्वेषी

या दृष्टीने पाहू गेल्यास आपल्या देशातला पहिला मान व्योमकेश बक्षीला द्यावा लागेल. दूरदर्शनवर १९९३ साली बासू चटर्जींनी केलेल्या मालिकेमुळे रजित कपूरच्या रूपाने तो मराठी घराघरांत पोचला. परंतु त्याचे आपल्याशी त्याहून जुने नाते आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्याचे जनक शरदिंदु बंद्योपाध्याय १९३८ साली बाँबे टॉकीजसाठी चित्रकथा लिहायला मुंबईस आले, आणि १९५२ साली चित्रपटांचा नाद सोडून पुण्याला राहायला गेले. व्योमकेशाच्या कथा त्यांनी १९३२ च्या सुमारास लिहायला घेतल्या होत्या. मध्ये सुमारे पंधरा वर्षे त्याला हातही लावला नव्हता. तो पुन्हा उठून चालू लागला तो पन्नाशीच्या आरंभी. म्हणजे कलकत्त्याच्या गल्ल्यांतून हिंडणाऱ्या त्या बंगाली बाबूच्या कितीतरी कथा पुण्याच्या हवेत लिहिल्या गेल्या आहेत! एका कथेत तर तो आपल्या महाबळेश्वराच्या एका हॉटेलात मुक्कामाला येतो आणि तिथली हकीगत मित्राला पत्राने कळवतो. याच शरदिंदुंनी शिवकाळातल्या सदाशिव नावाच्या मराठी पोराच्या गोष्टी बंगाली मुलांसाठी लिहिल्या आहेत.

व्योमकेशाला 'डिटेक्टिव्ह' म्हटलेले खपत नाही. त्याच्या दारावरच्या पाटीवर 'सत्यान्वेषी' असे लिहिलेले असते. तो धोतर नेसतो, चहा पितो, वर्तमानपत्रातल्या जाहिराती मन लावून वाचतो. एका तपासात भेटलेल्या सत्यवतीशी तो लग्न करतो, त्याला मुलगा होतो, नवराबायकोत कुरबुरी होतात. बिऱ्हाडात मित्र अजित असतो आणि पुंटीराम नावाचा नोकर असतो. होम्सचे वय जणू गोठलेले आहे. व्योमकेश मात्र आपल्याबरोबर संसारी होत जातो. बत्तीस कथा पुऱ्या झाल्या. तेहेतिसावी अर्धी लिहून झालेली असताना, १९७० साली, शरदिंदु वारले.

त्यांची 'आदिम रिपु' ही कथा १९४६ च्या दंग्यांनी पेटलेल्या कलकत्त्यात सुरू होते आणि देश स्वतंत्र होण्याच्या रात्रीपाशी येऊन संपते. व्योमकेशाला गुन्हेगार सापडतो. पण त्या गुन्ह्यामागे जे दडलेले असते ते इतके दारुण असते, की तो त्या माणसाला जाऊ देतो. आणखी शिक्षा कोणती द्यायची उरलेली असते? अशी वेळ होम्सवरही आली होती. १८९२ सालच्या एका कथेत निळ्या रत्नाचा चोर त्याच्यासमोर गुडघे टेकून रडतो, आणि नाताळचे दिवस आहेत हे स्मरून होम्स त्याला दार उघडून देतो. हा माणूस तुरुंगात गेला तर कायमचा बिघडेल, असे त्याला वाटते. त्या एका पानासाठी मी होम्सची सगळी घमेंड माफ करून टाकली आहे.

काही वाचक यावर आक्षेप घेतील. गुप्तहेरच जर न्यायाधीश होऊन बसले, तर कायद्याने काय करावे? आक्षेप रास्त आहे. मेग्रेच्या बाबतीत तो उद्भवतच नाही, कारण तो सरकारी नोकर आहे. बहुधा गुन्हेगाराला तो कोर्टाच्या हवाली करतो आणि मग घरी येऊन जेवता जेवता गप्प बसतो. समजून घेणे म्हणजे सोडून देणे नव्हे. पण ज्याला आपण शिक्षेकडे नेत आहोत तो माणूस आहे, एवढे भान त्याला असते. आणि ते त्या गप्प बसण्यावरून आपल्याला कळते.

घोटेसाहेबांचा एक रुपया

आता एका आपल्या माणसाकडे वळू. एच. आर. एफ. कीटिंग या इंग्रज लेखकाने १९६४ साली 'द परफेक्ट मर्डर' ही कादंबरी लिहिली आणि तिला त्या वर्षीचे 'गोल्ड डॅगर' पारितोषिक मिळाले. तिचा नायक मुंबई पोलिसांतला इन्स्पेक्टर गणेश घोटे. मौज अशी, की कीटिंगसाहेबांनी तोवर मुंबई पाहिलेली नव्हती! ते इथे आले ते सुमारे दहा वर्षांनी. पुढे १९८८ साली या कादंबरीवर चित्रपट निघाला आणि त्यात नसीरुद्दीन शाह घोटे झाले.

न पाहिलेल्या मुंबईत चुका काढायच्या म्हटल्या तर मराठी वाचकाला पानापानाला सापडतील. घोट्यांच्या घरचे बोलणे आपल्या कानाला घरचे वाटत नाही. पण घोटे खरा वाटतो. एका धनाढ्याच्या घरी त्याच्या परफेक्ट नावाच्या पारशी चिटणिसावर हल्ला झालेला असतो, त्याचा तपास घोट्याकडे आहे. त्याच वेळी एका मंत्र्याच्या टेबलावरची एक रुपयाची नोट चोरीला जाते, आणि तो तपासही घोट्याच्याच गळ्यात पडतो. वरिष्ठ झापतात, श्रीमंत त्याला मोजत नाहीत, घरी बायको वेळेवर न आल्याबद्दल बोलते. घोटे मनातल्या मनात तडफदार उत्तरे जुळवतो आणि तोंडाने "होय साहेब" म्हणतो. कचेरीत जन्म काढलेल्या कोणाला हा माणूस ओळखीचा नाही? मात्र एकदा हाती घेतलेला धागा तो सोडत नाही. भित्र्या माणसाचा प्रामाणिकपणा हा शूर माणसाच्या प्रामाणिकपणापेक्षा महाग असतो, हे घोट्याकडून शिकावे.

नुसत्या लकबी म्हणजे स्वभाव नव्हे, हेही इथेच सांगितले पाहिजे. अलीकडच्या कित्येक गुप्तहेरांना लेखक घटस्फोट, मद्याची बाटली आणि निद्रानाश ही तीन लेणी चढवतात आणि पात्र उभे राहिले असे समजतात. मेग्रेचा पाइप काढून घेतला, तरी मेग्रे उरतो. व्योमकेशाला कोट चढवला, तरी तो व्योमकेशच राहील. गुप्तहेराची नजर कुठे थांबते, कोणापुढे त्याचा आवाज चढतो, कोणापुढे तो उतरतो आणि गुपित हाती आल्यावर तो काय करतो, या गोष्टी पाहाव्या. त्या नसतील, तर लकबी म्हणजे खुंटीवर टांगलेले कपडे.

सुटीत काय वाचावे?

दिवाळीच्या सुटीत फराळाचे ताट शेजारी घेऊन जे वाचायला बसतील, त्यांना शेवटी माझी शिफारस. मुलांच्या हाती आधी होम्स द्यावा. बुद्धीची चमक त्याच वयात आवडते आणि आवडावी. घरातल्या तरुण मंडळींनी व्योमकेशाला जवळ करावे. इंग्रजी-हिंदी अनुवादांतून तो सहज मिळतो. कचेरीत ज्यांना हल्ली फार ऐकून घ्यावे लागते त्यांनी घोट्याला घरी आणावे, बरे वाटेल. आणि ज्यांचा निम्मा संसार होऊन गेला आहे, त्यांनी मेग्रेला विसरू नये. त्याच्या पंच्याहत्तरही कादंबऱ्यांचे नवे इंग्रजी अनुवाद गेल्या काही वर्षांत निघाले आहेत, आणि एकेक पुस्तक दोन दुपारींत वाचून होते.

त्या बाकावरच्या माणसाची गोष्ट तुमच्या वाचनालयात असेल, आणि समासात आमच्या त्या पेन्सिलवाल्या मित्राने खुन्याचे नाव लिहून ठेवलेले असेल, तर खुशाल वाचून टाका. काही बिघडत नाही. फक्त बुटांकडे लक्ष असू द्या.